पाठमोरा बँड

परभणीच्या स्टेशनरस्त्यावर, भरदुपारी, आश्रुबाचे पाय उलटे चालले. घडलं ते एवढंच. कॉर्नेटला, त्या आखूड पितळी तुतारीला, पडलेला पोचा तांबटाकडून काढून घेऊन तो घराकडं निघाला होता. वाद्य फडक्यात गुंडाळून हातात धरलेलं, डोक्यात धाकट्या भावाच्या लग्नाची घाई. समोरून टांगा आला. टांग्यात गावाकडचे माणिकराव देशमुख पान चघळत बसले होते. आणि आश्रुबाला काही कळायच्या आत त्याच्या टाचा वळल्या, तोंड टांग्याकडं झालं, मान खाली गेली, आणि कॉर्नेट छातीशी धरून तो पावलापावलानं मागं सरकत गेला तो थेट हरभरेवाल्याच्या पाटीवर जाऊन आदळला. "क्या मियाँ, पीछे आँख है क्या?" सांडलेले हरभरे गोळा करत हरभरेवाला म्हणाला. टांगा केव्हाच पुढं गेला होता. देशमुखांनी बघितलंसुद्धा नव्हतं. बघितलं असतं, हसले असते, निदान मान हलवली असती, तर आश्रुबाला राग धरायला काहीतरी सापडलं असतं. आता राग धरायचा तो कुणावर, स्वतःच्या टाचांवर?

त्यानं हरभरे वेचून दिले, वाद्य पुन्हा फडक्यात बांधलं, आणि घरी न जाता स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसला. पाय समोर पसरले आणि त्यांच्याकडं बघत राहिला. पायांत पलटणीचेच बूट होते, तळवे दोनदा बदललेले. हे पाय बसऱ्याच्या वाळूतून चालले होते, इटलीच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतून वर निघाले होते. जनरलच्या डोळ्यांसमोरून हे पाय ताठ गेले होते, आणि एका पानखाऊ देशमुखाच्या टांग्यासमोर त्यांनी अब्रू घालवली. सत्तेचाळीसचा उन्हाळा होता. इंग्रज जाणार, मग निजाम काय करणार, आपलं काय होणार, यावर अख्खी परभणी चहाच्या टपऱ्यांवर घसा कोरडा करत होती. आश्रुबाला मात्र आपल्या पायांचं काय होणार एवढाच प्रश्न पडला होता. कारण परवा गावात सुग्रीवचं लग्न होतं, लग्नाला त्याचा बँड जाणार होता, आणि वरातीची वाट गढीच्या दारावरून जात होती.

गढीच्या दारापुढून बाजा कसा न्यायचा हे गावात कुणाला शिकवावं लागत नसे. वाजंत्री दारापाशी आले की बाजा बंद. मग सगळ्यांनी दाराकडं तोंड करायचं, वाकायचं, आणि गढी नजरेआड होईपर्यंत तसंच मागं मागं सरकत जायचं. ज्याच्या हातात वाद्य आहे त्यानं गढीला पाठ दाखवायची नाही. हातात वाद्य नसेल तर नुसतं वाकलं तरी भागायचं. असं का, ते कुणालाच सांगता येत नसे. कुणी म्हणे, एका जुन्या देशमुखाला वाजंत्र्यांची पाठ अपशकुनी वाटली होती. कुणी म्हणे, वाद्यात देव असतो, आणि देवानं मालकाला पाठ दाखवायची नसते. म्हणजे देवसुद्धा देशमुखाच्या बलुत्यावर होता म्हणायचा. आश्रुबाचा बाप सटवाजी गावातला नावाजलेला हलगीवाला. त्यानं पोराला मांगवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत आधी उलटं चालायला शिकवलं आणि मग हातात हलगी दिली. मागं न बघता चालायचं, दगड पायानं ओळखायचा, गटार पायानं ओळखायचं, आणि पडायचं नाही. आश्रुबा कधी पडला नाही, याचा बापाला केवढा अभिमान. चारचौघांत सांगायचा, माझ्या पोराच्या टाचांना डोळे हायत. आज त्या टाचांच्या डोळ्यांना तेवढा टांगा दिसला होता.

पलटणीत तो नगरला भरती झाला तेव्हा साहेबानं विचारलं होतं, तुला येतं काय? त्यानं सांगितलं, वाजवायला. त्यांनी त्याला बँडात घातलं, हातात कॉर्नेट दिलं, आणि गोम्स मास्तरच्या हवाली केलं. गोम्स मास्तर गोव्याकडचा, पोट सुटलेला, शिव्या तीन भाषांतून देणारा. त्यानं आश्रुबाला ओठ कसे घट्ट धरायचे ते शिकवलं, श्वास पोटातून कसा आणायचा ते शिकवलं, कागदावरचे काळे ठिपके वाचायला शिकवलं. पाय आपले आपण शिकतील असं त्याला वाटलं असावं. पहिली मोठी परेड. मैदानाच्या कडेला चौथरा, चौथऱ्यावर कर्नल उभा. बँड वाजत चाललाय, उन्हात पितळ झळकतंय, आश्रुबाचा आनंद छातीत मावेना. चौथरा आला आणि आश्रुबा वळला. वाजवता वाजवता, कर्नलकडं तोंड करून, वाकून, उलटा चालायला लागला. मागच्या ट्रॉम्बोनची नळी त्याच्या छातीवर बसली, ट्रॉम्बोनवाल्यावर ढोलवाला चढला, आणि पलटणीचा बँड कर्नलसमोर ढिगानं पडला. एवढी शरम त्याला त्याआधी कधी वाटली नव्हती. शिक्षा झाली ती झालीच. पण नंतर गोम्स मास्तरनं त्याला कोठीत बोलावून विचारलं, ऐसा क्यूँ किया? आश्रुबानं सांगितलं. गढी, दार, पाठ, सगळं. मास्तर आधी पोट धरून हसला. मग एकदम हसायचा थांबला. पाईप विझला होता, तो पुन्हा पेटवत म्हणाला, "सुन. बाजेवाला सबसे आगे चलता है. सारी पलटन उसकी पीठ देखके चलती है. कर्नल भी." त्यानंतर मैदानावर आश्रुबाचे पाय कधी चुकले नाहीत. त्याला वाटलं होतं, ती टाच मेली. ती मेली नव्हती, परभणीत त्याची वाट बघत बसली होती.

लढाईला तोंड लागलं की बँडवाले वाद्यं पेट्यांत बंद करतात आणि स्ट्रेचर उचलतात, हे परभणीत कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. लोकांना वाटतं, आश्रुबा सहा वर्षं साहेबाच्या मेजवानीत तुताऱ्या फुंकून आला. त्यानं कितीतरी माणसं डोंगरावरून खाली आणली. तो नेहमी पुढच्या बाजूला असायचा, कारण उतारावर त्याचे पाय पक्के. पुढच्यानं पायाखालची वाट न्याहाळायची, मागच्यानं जखमी माणूस बघायचा. एकदा एक सुभेदार होता, आपल्याच मुलखाचा, खानदानी. गावात असता तर आश्रुबाची सावली अंगावर पडली म्हणून घरी जाऊन अंघोळ केली असती. त्याची मांडी फाटली होती. वरून तोफगोळे येत होते, मातीचा आणि कसल्यातरी गोड वासाचा धूर घशात बसत होता, आणि आश्रुबाची मान सारखी मागं वळत होती. त्या माणसाला आपण पाठ दाखवतोय हे त्याला सहन होईना. वेड्यासारखीच गोष्ट, पण तेव्हा तशी होती. शेवटी सुभेदारच दात आवळून म्हणाला, "अरे माझ्याकडं काय बघतोस, पुढं बघ ना बाबा." आश्रुबा पुढं बघून चालला. खाली तंबूपर्यंत त्याच्या पाठीला त्या माणसाची नजर लागत होती, उबेसारखी. नजरेत हुकूम नव्हता. ती पाठ जाईल तिकडं जायला तो माणूस तयार होता. तंबूत त्याला ठेवलं आणि ते परत वर गेले. तो जगला का मेला ते कळलं नाही.

त्या संध्याकाळी लिंबाखालून घरी आल्यावर त्यानं बायकोला, कडूबाईला, सगळं सांगितलं. ती बँडवाल्यांच्या लाल कुडत्यांना पितळी गुंड्या लावत बसली होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "पाय तुमचे हायत का देसमुखाचे?"

"तेच तर बघायलोय," तो म्हणाला.

"मग बगा नीट. मला काय पुसता? माझा बी पदर गढी आली की आपोआप नाकापस्तोर येतोय. परभनीत कुणाचा बी वाडा दिसला की येतोय. मी त्येला मागं सारते. पुना येतोय, पुना सारते."

"मग परवा?"

"परवा बी सारीन," ती म्हणाली आणि पुढची गुंडी उचलली.

त्याला तिचा हेवा वाटला. तिची लढाई हाताशी होती. त्याची टाचेत, आणि टाच माणसाला दिसत नाही.

बँडातले सगळे परभणीत राहणारे, पण एकूण एक कुठल्या ना कुठल्या गढीखालून आलेले. कुणी झरीचा, कुणी गंगाखेडकडचा. सिकंदराबादच्या जुन्या बाजारातून आश्रुबानं एकेक वाद्य आणलं होतं. गावात ज्यांना हलगी नाहीतर झांज एवढंच ठाऊक होतं त्यांना शिव्या घालून, हातापाया पडून वाजवायला शिकवलं होतं. आता परभणीत सावकाराचं लग्न असो की कुणा मौलवीच्या घरचा निकाह, आश्रुबाचा बँड पुढं चालल्याशिवाय कुणाला लग्न लागल्यासारखं वाटत नसे. शहरात त्यांना कुणी वळायला सांगत नव्हतं, म्हणून वळायची खोड गेली असं प्रत्येकाला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना स्टेशनामागच्या माळावर नेलं. चुन्यानं एक चौकोन आखला आणि सांगितलं, ही गढी. हितून वाजवत जायचं, नाक फुडं. पोरं हसली. वाजवत निघाली. चौकोन आला, आणि मोठ्या ढोलावरचा वैजीनाथ, उभ्या बँडात सगळ्यात दांडगा गडी, चुन्याच्या रेघेकडं तोंड करून वाकला. कुणी हसलं नाही. वैजीनाथ आपल्याच पायांकडं बघत म्हणाला, "आयला. हे कामून झालं?"

"तुझी चूक न्हाई. पुना," आश्रुबा म्हणाला.

ऊन तापून माळावरचे दगड चटके देईपर्यंत त्यांनी तो चौकोन ओलांडला. शेवटी सगळे सरळ गेले. पण तो चुना होता. चुन्याच्या आत ओट्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

गावात पोचल्यावर सटवाजीनं सगळ्या बँडाची वाद्यं हात लावून पाहिली, कॉर्नेटच्या तोंडात बोट घालून पाहिलं, वैजीनाथचा ढोल वाजवून पाहिला आणि पसंतीची मान हलवली. मग आश्रुबाला बाजूला घेतलं. म्हाताऱ्याचे डोळे अजून तेज होते.

"आयकायलोय ते खरं का? वळनार न्हाईस म्हनं."

"न्हाई वळनार, बा."

"बलुतं जाईल. पोळ्याची पयली हलगी आपली, ती जाईल. मांगवाड्याचं पानी बंद करतील."

"मला म्हाईत हाय."

"तू परभनीला जाशील. आमी हितं ऱ्हातो."

हे खरं होतं आणि आश्रुबाला ते लागलं. लढाई त्याची, आणि गोळे म्हाताऱ्याच्या छपरावर पडणार. तो म्हणाला, "बा, तुला नको आसंल तर बँड मांगवाड्यातच वाजवतो. वरात साधी जाऊ दे." सटवाजी चिडला, आणि कुणावर चिडला ते आश्रुबाला कळलं नाही. "येवढ्या लांबून पितळ आनलंस ते झाकून ठिवायला? माझ्या पोराच्या वरातीत बाजा वाजंल. मी बी हलगी घिऊन मागं यीन. पर मी वळनार. सांगून ठिवतो. माझ्या पायाला दुसरं येत न्हाई आता."

"तू वळ," आश्रुबा म्हणाला. बापाला वळू नको म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही असं त्याला वाटलं. आपण तरी सरळ जाऊ, याचीच खात्री नव्हती.

ऊन उतरल्यावर वरात निघाली. नवरदेवाला घोडा नव्हता, ते वेगळं भांडण होतं आणि ते एका दिवसात मावलं नसतं. सगळ्यात पुढं आश्रुबा, ओठाला कॉर्नेट. मागं बँड दोन रांगांत, लाल कुडती, पितळी गुंड्या. बँडाच्या शेवटी सटवाजी हलगी घेऊन. त्याच्या मागं सुग्रीव, मग बायका, त्यांत कुठंतरी कडूबाई. गावानं असा बाजा कधी ऐकलेला नव्हता. कोंबड्या उडाल्या, माणसं दारांत आली, सवर्णांची पोरं भिंतींवर चढली. आश्रुबाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या डाव्या अंगाला गढीचं दार दिसत होतं, खिळे ठोकलेलं, अर्धं उघडं. दाराबाहेर ओट्यावर माणिकराव बसले होते. शेजारी कारभारी उभा होता. कारभाऱ्यानं हात वर केला. म्हणजे, बाजा बंद. आश्रुबानं श्वास पोटातून घेतला आणि जोरात फुंकलं.

मग टाचेला खाज सुटल्यासारखं झालं. आधी उजव्या, मग डाव्या. मानेची शीर आपणहून डावीकडं ओढली जाऊ लागली, कुणी कान धरून ओढावा तशी. दार जवळ आलं तसा पाण्याच्या रांजणाचा वास आला, शेणानं सारवलेल्या ओट्याचा वास आला, आणि लहानपणी बापाच्या शेजारी उलटं चालताना हेच वास असायचे हे त्याला आठवलं. आता वळलास तर कुणी काही म्हणणार नाही, टाच म्हणत होती. सगळे वळतात. त्याला कळलं की टाचेशी भांडून भागणार नाही. तिला विसरलं पाहिजे. म्हणून त्यानं पाठीचा विचार केला. माझी पाठ बघून मागं माणसं चालली आहेत. तिचाच विचार करत त्यानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि दार डोळ्यांच्या कडेवरून मागं गेलं. मागं बघता येत नव्हतं. ऐकता येत होतं. माणूस वळला की त्याच्या वाद्याचं तोंड वळतं आणि आवाज पातळ होतो. आवाज पातळ झाला नाही. ट्रॉम्बोन पाठीवर येत होता, झांजा पाठीवर येत होत्या. वैजीनाथचा ढोल क्षणभर अडखळला, आणि पुन्हा पाठीवर आला, आधीपेक्षा जड. फक्त हलगी थांबली.

"सटवाजी," माणिकरावांचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, त्याला कधी चढावं लागलं नव्हतं. "पोराला सांग."

"सांगितलं जी," सटवाजी म्हणाला. त्याचा आवाज लांबून आला. म्हणजे तो गढीकडं तोंड करून वाकला होता आणि मागं सरकत होता. "आयकत न्हाई."

कुणीतरी बाई हसली आणि लगेच गप्प झाली. बँड गढीच्या पुढं गेला. गढीची भिंत संपली. रस्ता वेशीकडं वळत होता, तिथून पुढं मोकळं होतं. मागून वैजीनाथचा हसण्यासारखा, रडण्यासारखा आवाज आला, "गेलो, मास्तर, गेलो." आश्रुबानं ऐकलं आणि त्याला एकदम राग आला. गेलो म्हणजे काय? पळून आल्यासारखे गेलो? उद्या गढीत म्हणतील, पितळ वाजवायच्या नादात पोरांचं भान सुटलं, शहरातली पोरं, रीत विसरली. कारभारी येईल, दोन शिव्या देईल, माफी मागायला लावील, आणि परत सगळे उलटे चालतील. त्यानं हात वर केला. बँड जागच्या जागी पावलं मारू लागला, शिकवलं होतं तसं.

"काय झालं?" वैजीनाथनं विचारलं.

"परत जायचं. गढीवरनं."

"आता? कामून?"

"येकदा गेलं तर चुकून गेले म्हनतील."

वैजीनाथनं घाम पुसला. मग त्यानं ढोलाचा पट्टा खांद्यावर नीट केला. आश्रुबानं पलटणीतल्या आवाजात हुकूम दिला, "अबाऊट टर्न." सगळे एका झटक्यात फिरले. आश्रुबाही फिरला. आज त्याच्या टाचा वळल्या त्या त्याच्या हुकमानं. आणि फिरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पुढचा आता मागचा झाला आहे. तो बँडाच्या शेपटाला होता. तोंडाला सटवाजी होता. सुग्रीव आणि वऱ्हाडी बाजूला सरून वाट देत होते. म्हातारा अजून वाकलेलाच होता, गढीकडं तोंड केलेला, उलट्या पावलांनी मागं आलेला. सगळा बँड फिरला होता, त्याला मात्र वळावंच लागलं नव्हतं. वाट पुढं मोकळी होती आणि त्याच्यामागं बँड उभा होता.

आश्रुबाला वाटलं आपण मोठी चूक केली. बापाला वळ म्हणून सांगितलं होतं, आणि आपणच त्याला सगळ्यांच्या पुढं आणून उभं केलं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, बा, तू बाजूला हो. पण बँड वाजायला लागला होता. पलटणीतलं त्यानंच त्यांना शिकवलेलं सगळं आता त्याच्या विरुद्ध गेलं, हुकमाशिवाय कुणी थांबेना. सटवाजीनं मान वर केली. मागून येणारा आवाज त्याच्या अंगावर आदळला असावा, कारण तो पुढं ढकलल्यासारखा एक पाऊल चालला. मग त्यानं हलगी छातीपाशी घेतली आणि काडी मारली. हलगी कॉर्नेटच्या वर चढली. ताल तिचा, आणि बँड तिच्या तालावर आला, कुणी न सांगता.

गढी आली. माणिकराव आता ओट्यावर उभे राहिले होते. कारभारी रस्त्यात आला, वैजीनाथचा ढोल आणि त्याच्या मागची पितळेची रांग बघून पुन्हा ओट्याला टेकला. आश्रुबा सगळ्यांच्या मागं होता. कडूबाई वऱ्हाडातून चालत त्याच्या शेजारी आली होती, पदर खांद्यावर होता.

"सटवाजी, फिर," माणिकराव म्हणाले. या वेळी आवाज चढला होता.

सटवाजी दारासमोर आला. आश्रुबाचा श्वास कॉर्नेटमध्ये अडकला आणि सूर फाटला, त्याला पर्वा नव्हती. बँडाच्या दोन रांगांमधून म्हाताऱ्याचे पाय दिसत होते, अनवाणी, भेगा पडलेले, दगड ओळखणारे. उजवी टाच उचलली गेली, अर्धी वळली, हवेत थांबली.

"बास झालं जी," सटवाजी म्हणाला. "लय वळलो. पाय दुखायलेत."

टाच सरळ खाली आली. मग दुसरी. तो दारापुढून गेला, आणि त्याच्या मागून बँड गेला. दारापुढून जाताना आश्रुबानं आपल्या बापाची पाठ पाहिली, कुडतं घामानं चिकटलेली, खांद्यापाशी वाकलेली, हलगीच्या प्रत्येक काडीला हलणारी. गढीसमोर ती पाठ त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तो तिच्यामागून चालत राहिला.